मांजराच्या वाटीत पहिला रुपया कशाचा?

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात मांजराच्या जेवणाचा प्रश्न बहुतेक घरांत कधी पडतच नाही. वाटीभर दूध, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी नाहीतर पोळी, आणि रात्री ताटात उरलेलं काहीबाही, एवढ्यावर मांजर जगतं असं सगळेच धरून चालतात. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण लहानपणापासून कानावर पडलेली असते, त्यामुळे दूध हाच मांजराचा मूळ आहार, ही समजूत पक्की झालेली आहे. अलीकडे दुसऱ्या टोकाचीही घरं दिसू लागली आहेत. मोबाईलवरच्या जाहिराती पाहून ती छोटे रंगीत पाऊच मागवतात, महिन्याचा खर्च पाहून हबकतात आणि पुन्हा दूध-भाकरीवर येतात. दोन्हीकडे गृहीत धरलेलं एकच आहे: चांगलं अन्न महाग आणि स्वस्त अन्न म्हणजे दूध-भाकरी. हे गृहीतच तपासून पाहायला हवं. हिशेब मांडला तर दूध-भाकरी वाटते तितकी स्वस्त ठरत नाही आणि पाऊच वाटतो तितका गरजेचा राहत नाही. ज्या घरात मांजरासाठी रोज पाव लिटर दूध घेतलं जातं, ते घर त्यात थोडीच भर घालून त्याला नीट पोसू शकतं. फक्त पहिला रुपया प्राणिज प्रथिनांवर जायला हवा.

याचं कारण मांजराच्या शरीरात आहे. कुत्रा माणसाबरोबर राहता राहता बराचसा मिश्राहारी झाला, मांजर मात्र आजही पूर्ण मांसाहारी आहे. त्याचे दात मांस कापण्यासाठी आहेत, दळण्यासाठी नाहीत. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर जवळजवळ नसतं आणि गोड चव त्याला कळतच नाही. गाजरातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून माणूस शरीरात अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयार स्वरूपात, म्हणजे प्राण्याच्या शरीरातूनच मिळावं लागतं. उन्हात बसून ड जीवनसत्त्व तयार करणंही त्याला पुरेसं साधत नाही. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की प्रथिनं कमी मिळाली तर बहुतेक प्राण्यांचं शरीर काटकसर करायला शिकतं, मांजराचं यकृत मात्र आलेली प्रथिनं ठरल्या वेगाने जाळतच राहतं. म्हणून कमी प्रथिनांचं अन्न मिळालं की मांजर स्वतःचेच स्नायू झिजवू लागतं. पोट भरलेलं दिसतं, पण पाठीचा कणा हाताला लागतो आणि केस राठ होतात. भाकरी खाऊन असं मांजर लगेच मरत नाही, त्यामुळे ते अर्धपोटी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

यात सगळ्यात कळीचा पदार्थ टॉरीन. हे एक अमिनो आम्ल आहे. ते प्राण्यांच्या स्नायूंत, हृदयात आणि मेंदूत असतं, धान्यात आणि डाळींत नसतं. मांजराचं शरीर ते गरजेपुरतं तयार करू शकत नाही. टॉरीन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो आणि ते आंधळं होऊ शकतं, हे 1975 साली अमेरिकेत संशोधकांनी दाखवून दिलं. त्या प्रयोगातल्या मांजरांना प्रथिनं मिळत होती, पण ती केसीनची, म्हणजे दुधातली होती. हा तपशील आपल्याकडच्या दुधाच्या वाटीला थेट लागू पडतो. पुढे 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसरी गोष्ट मांडली. मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्याचा एक जीवघेणा विकार टॉरीनच्या कमतरतेमुळे होत होता आणि टॉरीन दिल्यावर आजारी हृदयं पुन्हा सुधारत होती. त्यातली अनेक मांजरं नावाजलेल्या कंपन्यांचं तयार अन्न खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि हा विकार झपाट्याने कमी झाला. तयार अन्नावर आंधळा विश्वास ठेवू नये आणि त्याला सरसकट विषही म्हणू नये, दोन्हीसाठी हा एकच दाखला पुरेसा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्या आजी-पणजीच्या काळापासून मांजरं दूध-भाकरीवर जगली, त्यांना काय झालं? प्रश्न रास्त आहे, पण मांजराच्या वाटीत पडणारं अन्न त्याच्या एकूण खाण्याचा किती भाग होतं, हे त्यात सुटून जातं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात ज्वारी पेवात नाहीतर कणगीत साठवलेली असायची, गोठ्यात कडबा आणि पेंड असायची, आणि या सगळ्यांवर उंदीर पोसलेले असायचे. मांजर घरात होतं ते त्या उंदरांसाठी. माणूस आणि मांजर यांची सोबत मुळात अशीच जुळली, सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, धान्याची कोठारं आणि त्यांवरचे उंदीर यांच्या भोवती. एका उंदरातून साधारण 30 कॅलरी मिळतात. म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर पुरतात. त्या उंदरात मांस असतं, कॅल्शियमसाठी हाडं असतात, अ जीवनसत्त्वासाठी यकृत असतं, टॉरीनने भरलेलं हृदय असतं, आणि वर 70 टक्के पाणी. पणजीच्या मांजराचं खरं जेवण ते होतं. वाटीतलं दूध हा वरचा खाऊ होता.

आता मंठ्यातही घरं सिमेंटची झाली. सोयाबीन आणि कापूस विकून पैसा येतो आणि ज्वारी बऱ्याचदा लागेल तशी विकत आणली जाते. उंदीर संपलेले नाहीत, पण ते आता विषाने मारले जातात. झिंक फॉस्फाइडच्या किंवा ब्रोमॅडियोलोनच्या गोळ्या खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराला सहज सापडतो आणि ते विष मांजराच्या पोटात जातं. दाराबाहेर सोडलं की मांजर आपलं आपण खातं, हा जुना भरवसा त्यामुळे दुहेरी धोक्याचा झाला आहे. शिकार कमी आणि जी मिळेल ती विषारी. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजराला तर शिकार मिळतच नाही. त्याच्यासाठी वाटी हेच सगळं जग आहे आणि त्या वाटीत दूध-भाकरी टाकणं म्हणजे पणजीच्या काळातला वरचा खाऊ ठेवून मूळ जेवण काढून घेणं. दुधाचं आणखी एक. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं विकर त्याच्या आतड्यात कमी होत जातं. म्हणून कित्येक मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब लागतात आणि पोटात जे चार चांगले घास गेले असतील तेही वाया जातात. आई नसलेल्या पिल्लालाही गाईचं दूध पुरत नाही, कारण मांजरीच्या दुधात प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त असतात.

आता पैशाकडे येऊ. दर गावागावांत आणि महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून हिशेबापुरते गोल आकडे धरू आणि प्रत्येकाने आपल्या दुकानातला दर त्यात घालून पाहावा. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी आणि 15 ते 20 ग्रॅम चांगली प्रथिनं लागतात. दूध 60 रुपये लिटर धरलं तर पाव लिटरला 15 रुपये होतात, महिन्याला साडेचारशे. त्यातून आठ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि टॉरीन नावालाच. त्याच 15 रुपयांत दोन अंडी येतात, त्यातून 12 ग्रॅम उत्तम प्रथिनं मिळतात आणि जुलाबाची भीती नाही. कोरड्या दाण्यांचं पाकीट 350 रुपये किलो धरलं, तर शंभर ग्रॅममध्ये साधारण 350 ते 380 कॅलरी असल्यामुळे दिवसाला 60 ग्रॅम पुरतात आणि खर्च 21 रुपये येतो. पाऊचचा हिशेब उलटा निघतो. 80 ग्रॅमच्या पाऊचमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि कॅलरी जेमतेम 60-70. पोट भरायला दिवसाला तीन-साडेतीन पाऊच लागतात आणि पाऊच 40 रुपयांना धरला तर खर्च सव्वाशेच्या पुढे जातो. पाऊच वाईट आहे असं नाही, पण किलोचा किंवा नगाचा भाव पाहून अन्न घेणारा इथेच फसतो. पाहायचा असतो तो दिवसाच्या पोषणाचा भाव.

म्हणून मंठ्यातल्या मध्यमवर्गीय घराला माझा सल्ला असा आहे. मांजराच्या जेवणाचा पाऊण भाग साध्या पण संपूर्ण कोरड्या अन्नाचा ठेवावा आणि उरलेला पाव भाग अंडं, चिकन किंवा मासळीचा. रोज 45 ग्रॅम दाणे म्हणजे सुमारे 16 रुपये, त्यावर अंड्याचा अर्धा-पाऊण भाग किंवा शिजवलेल्या चिकनचे दोन-तीन घास. एकूण खर्च 20 ते 22 रुपये, म्हणजे महिन्याला सव्वासहाशेच्या आसपास. दुधाचे साडेचारशे त्यातून वजा केले तर वरचे पावणेदोनशे रुपये उरतात. पूर्ण घरचंच अन्न द्यायला हरकत नाही, पण ते संतुलित करणं अवघड आहे आणि एखादा घटक चुकला तर त्याचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो. पाकिटाचा आधार ठेवला की टॉरीन, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची काळजी बरीचशी मिटते.

पाकीट निवडताना पुढचं चित्र न पाहता मागची बारीक अक्षरं वाचावीत. तिथे हे अन्न मांजराच्या अमुक वयासाठी ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे असं लिहिलेलं असावं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. प्रथिनं किमान 30 टक्के असावीत. अमेरिकेतल्या ‘आफको’ या संस्थेच्या निकषानुसार कोरड्या वजनावर मोठ्या मांजरासाठी किमान 26 आणि वाढत्या पिल्लासाठी 30 टक्के प्रथिनं लागतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासा किंवा मांसाची पूड यावी आणि टॉरीनचं नाव यादीत कुठेतरी दिसावं. एवढं असेल तर साधं पाकीट आणि तिप्पट किमतीचं पाकीट यांच्यातला फरक निरोगी मांजराला फारसा जाणवणार नाही. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. कुत्र्याचं अन्न स्वस्त मिळतं म्हणून मांजराला घालू नये, कारण त्यात प्रथिनं कमी असतात आणि टॉरीन असेलच याची खात्री नसते. आणि पोत्यातून काढून सुटे विकले जाणारे दाणे घेऊ नयेत. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्या दाण्यांतली चरबी लवकर खवट होते. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्यावं आणि ते झाकणाच्या डब्यात ठेवावं.

उरलेल्या पाव भागासाठी चिकनचं दुकान ही सगळ्यात उपयोगी जागा आहे. ब्रॉयलर कापताना पाठीचे तुकडे, मान, पेटा, हृदय आणि कलेजी बाजूला पडतात. यातलं बरंचसं छातीच्या मांसापेक्षा स्वस्त मिळतं आणि मांजरासाठी जास्त मोलाचं असतं. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरीन जास्त असतं आणि हृदयातही ते भरपूर असतं. टॉरीन पाण्यात विरघळतं, म्हणून मांस भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकणं म्हणजे कामाचाच भाग फेकणं. थोड्या पाण्यात, मीठ-मसाल्याशिवाय शिजवावं आणि तोच रस्सा दाण्यांवर घालावा. कलेजी मांजराला फार आवडते, पण ती रोज भरपूर दिली तर अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेची आणि पाठीची हाडं एकमेकांना जखडतात. आठवड्यातून एक-दोनदा सुपारीएवढा तुकडा पुरे. शिजवलेली हाडं कधीच देऊ नयेत, ती टोकदार तुटून घशात किंवा आतड्यात रुततात. कॅल्शियमचा मुद्दाही इथेच येतो. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं, त्यामुळे केवळ मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं साध्या उडीनेही मोडतात. पाकिटाचा आधार नसेल आणि मांसच मुख्य अन्न असेल, तर अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत आणि अर्धा किलो मांसाला अर्धा छोटा चमचा या प्रमाणात मिसळावीत. अंडं नेहमी शिजवूनच द्यावं.

मासळीबद्दल थोडक्यात. शेजारच्या जिंतूर तालुक्यात पूर्णेवरचं येलदरी धरण आहे आणि या भागातल्या जलाशयांत रोहू, कटला असे कार्प कुळातले मासे वाढवले जातात. या कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या मांसात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, म्हणून मासा शिजवून आणि काटे काढूनच द्यावा. बाजारातले खारवलेले बोंबील-सुकट द्यायचे झाले तर आधी भिजवून मीठ काढावं आणि तेही चवीपुरतेच द्यावेत.

उरलेलं कालवण घालायला काय हरकत आहे, असं विचारलं जातं. हरकत मीठ-तिखटाची आहे, पण त्याहून मोठी कांदा-लसणाची आहे. कांदा आणि लसूण, शिजवलेले असोत वा कच्चे, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्याला पंडुरोग होतो. आपल्या रश्शात दोन्ही भरपूर असतात. तेव्हा मटणाचा रस्सा भाकरीत कुस्करून देणं ही माया मांजराला महागात पडू शकते. वेगळं काढायचंच असेल तर फोडणीत पडण्याआधीचं मांस काढावं.

शाकाहारी घरांची अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचं कारण नाही. मंठ्यात आणि आसपास अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या दारात आलेलं मांजरही त्यांना तितकंच लाडकं असतं. काहीजण डाळ, दही, पनीर, भात यांवर मांजर वाढवू पाहतात. डाळीत प्रथिनं आहेत, पण टॉरीन नाही, तयार अ जीवनसत्त्व नाही आणि मांजराला लागणारं ॲरॅकिडोनिक आम्लही नाही. परदेशात कारखान्यात बनवलेले पोषक घटक मिसळून शाकाहारी मांजर-अन्न तयार होतं, पण ते घरी जमण्यासारखं नाही. अशा घरासाठी कोरडं पाकीट हाच सरळ मार्ग आहे. त्यात मांस आहे, पण ते घरात शिजवावं लागत नाही, त्याला हात लावावा लागत नाही, वेगळी वाटी आणि वेगळा चमचा ठेवला की झालं. ज्यांना तेही मान्य नसेल त्यांनी मांजर पाळण्याचा निर्णयच पुन्हा विचारात घ्यावा. आपलं व्रत आपण निवडतो, मांजराला ते निवडता येत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे. दुष्काळाच्या पट्ट्यात, जिथे मजुरीवर घर चालतं, तिथे मांजरावर महिन्याला सहाशे रुपये खर्च करा असं सांगणं योग्य आहे का? मुलांच्या ताटात अंडं नसेल तर मांजराच्या वाटीत ते असावं, असं कोणीच म्हणणार नाही. पण अशा घरातलं मांजर बहुधा मोकळं फिरणारं आणि शिकार करणारं असतं. त्याला पूर्ण जेवणाची नाही, जोडीची गरज असते. रोज 30 ग्रॅम दाणे, म्हणजे दहा-अकरा रुपये, किंवा तेही शक्य नसेल तर आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धं उकडलेलं अंडं, आणि घरात-शेतात उंदरांच्या विषाऐवजी पिंजरा. एवढ्यानेही दूध-भाकरीपेक्षा ते खूप बऱ्या स्थितीत राहील. आणि अशा मांजराची नसबंदी झाली तर दर काही महिन्यांनी चार-पाच पिल्लं पोसण्याचा भार टळतो. गरीब घरासाठी ती सगळ्यात मोठी बचत आहे.

कोरड्या अन्नाविरुद्धचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य करायला हवा. मांजर वाळवंटी पूर्वजांचं वंशज आहे, त्याला तहान कमी लागते. उंदरातून 70 टक्के पाणी मिळतं, दाण्यांतून फक्त दहा. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात बोक्यांच्या लघवीत खडे होण्याचा आणि मार्ग तुंबण्याचा धोका वाढतो. म्हणून दाणे कोमट पाण्यात किंवा मांसाच्या रश्शात भिजवून द्यावेत, अर्ध्या-पाऊण तासात उरलेलं उचलून टाकावं आणि पाण्याची दोन-तीन पसरट भांडी सावलीत, जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवावीत. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर एक दिवसही वाट पाहू नये, त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. गुंतागुंत असेल तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय फार लांब नाही. दूध-भाकरीवरून नव्या अन्नावर येतानाही घाई नको. आठ-दहा दिवसांत जुनं कमी आणि नवं जास्त करत जावं. भूक लागली की खाईल, असं म्हणून मांजराला दोन-तीन दिवस उपाशी ठेवणं धोक्याचं आहे, विशेषतः लठ्ठ मांजराला, कारण त्याच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकतं. नवं अन्न मानवलं की नाही हे महिनाभरात कळतं. मांजराला पिशवीत घालून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावं, बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगड्या बोटांना लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत. वजन उतरत असेल तर दाणे चमचाभर वाढवावेत, पोट लोंबू लागलं तर तेवढेच कमी करावेत.